बोटं सुटेपर्यंत

ती हात उचलायला गेली आणि हाताबरोबर टेबलाचा एक पाय किंचित वर आला.

डाव्या हाताची तीन बोटं सनमायक्याला वरून चिकटली होती आणि अंगठा टेबलाच्या कडेला खालून घट्ट धरून बसला होता. सुपरग्लूची नळी तोंडाशी सुकलेली, म्हणून तिनं ती जोरात दाबली. ती मागून फुटली, आणि टेबल सावरायला हात कधी टेकला ते तिचं तिलाच कळलं नाही. उजव्या हातात सासूबाईंचा चष्मा होता. त्याची दांडी मात्र छान बसली होती.

दांडी मोडून महिना होऊन गेला होता. ‘करून आणतो’ असं नवरा रोज म्हणे आणि सासूबाई दोरा गुंडाळून काम भागवत. निघण्याआधी एवढं एक करून जावं असं तिला वाटलं. पिशवी पलंगाखाली तयार होती. शाळेच्या कोपऱ्यावर धाकटी बहीण गाडी घेऊन थांबणार होती. सासूबाई शेजारणीकडे बसायला गेल्या होत्या आणि तिथं गेल्या की दुपार उलटल्याशिवाय परतत नसत. सगळं जुळून आलं होतं.

फडताळावर फोन वाजू लागला.

नवरा कामावरून फोन करायचा तो चेहरा दिसेल असाच. “कॅमेरा जरा फिरव,” असं तो गोड आवाजात म्हणे. खिडकी दिसली की, “कुणी आलं होतं?” तो कधी आवाज चढवत नसे. म्हणून तर कुणाला सांगायची सोय नव्हती. लागोपाठ दोन फोन उचलले गेले नाहीत, तर तो सरळ घरी यायचा. काळजी वाटली म्हणून.

तिनं टेबल ओढत फडताळाकडे न्यायला सुरुवात केली. टेबलाचा पाय फ्रिजला अडला. तिनं वाकून उजवा हात लांब केला, आणखी लांब केला. फोन वाजून वाजून थांबला. मग तिनं दात आवळून डाव्या हाताला हिसका दिला. मधल्या बोटापाशी कातडीला बारीक चीर गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बोट होतं तिथंच राहिलं.

दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

“काय गं, अशी वाकून का उभी?” सासूबाईंनी चपला काढत विचारलं.

“आई, हात चिकटलाय.”

“कशाला?”

“टेबलाला.”

सासूबाई जवळ आल्या. चष्म्याशिवाय त्यांना लांबचंही दिसत नसे आणि जवळचंही. त्यांनी वास घ्यावा तसं तोंड बोटांपाशी नेलं.

“ओढलंस?”

“थोडंसं.”

“ओढायचं नाही. कातडी येते हातात.” त्या वळल्या. “गरम पाणी आणि साबण आणते. आणि ती पिठाच्या डब्यामागची बाटली.”

नवऱ्याला रंगवलेली नखं आवडत नसत, म्हणून पहिल्याच वर्षी नखं रंगवणं सुटलं होतं. नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली पिठाच्या डब्यामागे आहे, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं ती धरून चालली होती. पलंगाखालची पिशवी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

सासूबाईंनी साबणाच्या कोमट पाण्यानं बोटं भिजवली, कापसानं त्यांच्या कडेकडेनं औषध सोडलं आणि चमच्याची बोथट दांडी हलकेच आत सरकवली. सुटलेला गोंद पांढऱ्या पापुद्र्यासारखा वळत होता. सनमायक्याची चकाकी मात्र तिथल्या तिथं उडाली.

“डाग राहील, आई.”

“राहू दे. टेबलच आहे.”

पहिलं बोट सुटलं. सासूबाईंचं काम संथ चाललं होतं, इतकं संथ, की मुलगा येईपर्यंत आपल्याला इथंच ठेवायचा यांचा विचार आहे की काय, असं सुनेला वाटून गेलं.

“चष्मा झाला?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“झालाय. जरा सुकू द्या.”

“आजच का केलास?”

सुनेनं खिडकीकडे पाहिलं. चमचा मधल्या बोटाशी थांबला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा चालू लागला.

“तुझे सासरे मला माहेरी सोडायला स्वतः यायचे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि संध्याकाळी न्यायलाही. बायका म्हणायच्या, किती जीव आहे हिच्यावर. मी काय बोलणार?”

त्यांनी चिरेवर फुंकर घातली. मधलं बोट सुटलं, त्यामागून करंगळीजवळचंही. आता फक्त अंगठा उरला होता.

फोन पुन्हा वाजला.

सुनेचं अंग आखडलं. सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन उचलून अगदी तोंडाशी धरला.

“आई? तू? तिला दे.”

“न्हाणीघरात आहे.”

“मघाशी फोन का नाही घेतला?”

“मला काय माहीत? मी आत्ता आले.”

“मी येतोच घरी.”

“ये की. येतोच आहेस तर माझं गुडघ्याचं तेल आण. पुलापलीकडच्या मोठ्या दुकानातलं. इकडचं लागू पडत नाही.”

“आत्ता? उलटं जावं लागेल, आई.”

“गुडघा फार धरलाय रे. उभं राहवत नाही मला. तू नाही आणलंस तर कोण आणणार?”

“बरं. तिला कुठं जाऊ देऊ नकोस.”

“कुठं जातेय ती,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन फडताळावर पालथा ठेवला.

त्यांनी नवा कापूस घेतला, औषधात बुडवला आणि त्या दोन्ही गुडघे फरशीवर टेकून टेबलाखाली वाकल्या.

“ओढू नकोस,” त्या खालून म्हणाल्या. “बहिणीला थांबू दे जरा. पूल ओलांडून परत यायला त्याला वेळ लागतो.”

सुनेनं हात सैल सोडला.