आठवा सडा

"आठव की गं भागे, कंचं डबकं?" अपेक्षानं तिसऱ्यांदा विचारलं.

मी लेकीच्या, चेलनाच्या टोपीची नाडी बांधत होते. ते डबकं मला बसल्या जागेवरून कळत होतं. बंद पडलेल्या पवनचक्कीच्या डावीकडं, बैलाच्या पाठीसारख्या काळ्या खडकामागं.

"सात वर्षं झाली," मी म्हणाले. "सगळी डबकी सारखीच."

पाटणच्या वरच्या या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, एम.एस्सी.ला असताना मी एकटी आले होते. माझी खोलीतली मैत्रीण अपेक्षा तेव्हा तापानं पडली होती. वीतभर पाण्यात मला एक रोप दिसलं. बाकीच्या सड्यांवर त्याची फुलं जांभळी, इथं पांढरी, पाकळीवर तांबूस रेघ. मी वहीत सगळं लिहिलं, चित्र काढलं, पण रोप उपटलं नाही. चातुर्मास होता, आणि गावातल्या बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, महाराजांसमोर मी नियम घेतला होता, दर वर्षी हे चार महिने हिरवं तोडायचं नाही. धुक्यात काढलेल्या फोटोत नुसता पांढरा ठिपका आला. सर म्हणाले, नमुना नाही तर शोध नाही. अपेक्षाला जागा सांगितली असती तर तिनं ताप उतरताच उपटून आणलं असतं. म्हणूनच सांगितली नाही. पुढच्या आषाढाच्या आत परीक्षा झाली, मग नोकरीची खटपट, मग लग्न.

आता ती डॉक्टर अपेक्षा. आटपाडीकडच्या मेंढपाळाची पोर, सात सडे पायी तुडवलेली, वनखात्याचा परवाना खिशात. गाडीत येताना तिनं माझ्या नवऱ्याला, सम्मेदला, सगळं समजावलं.

"ह्या मधल्या दऱ्या म्हंजे समुद्रच समजा, दाजी. खाली दाट सावली, तितं ही बारकी रोपं जगत न्हाईत. एखादं बी मेंढीच्या खुरातल्या चिखलातनं न्हाईतर पाखराच्या पायाला लागून पल्याडच्या सड्यावर पडतं. तितं एकटंच. मग पिढ्यान् पिढ्या आपल्याआपल्यात वाढतं, आन् हळूहळू येगळंच हून बसतं."

"म्हणजे प्रत्येक माथा एक बेट?" सम्मेदनं विचारलं. गाडी चालवताना तो दोनदा मागं वळला. लग्नाला चार वर्षं झाली, माझी ती वही कपाटात वरच्या खणात आहे. त्यात काय आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही.

"सात बेटं झाली," अपेक्षा म्हणाली. "आठवं हिचं."

सम्मेद खाली गाडीपाशी थांबला. वर आम्ही तिघी. अपेक्षा गुडघे टेकून एकेक डबकं बघत होती. तिला घड्याळ बघावं लागत नव्हतं. मी चेलनाच्या झग्याचं टोक धरून होते. कातळ निसरडा होता, डबक्यांची खोली सांगता येत नव्हती. पिशवीत दूध, स्वेटर, तापाचं औषध. दोन तास असेच गेले. मग अपेक्षा काळ्या खडकाच्या रोखानं निघाली.

"सापडलं तर नाव कुणाचं लागतं?" मी विचारलं.

ती थांबली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही. "नमुना जो गोळा करंल त्याचं. कागदावर तेच ऱ्हातं. तुजं आभारात घालीन की."

आभारात. लग्नपत्रिकेच्या तळाशी बारक्या पोरांची नावं घालतात, तसं.

"चेलूला धर," मी म्हणाले. मूल तिच्या हातात दिलं आणि इकडंतिकडं न बघता सरळ खडकामागं गेले. नऊ रोपं होती.

चेलनाला कडेवर घेऊन अपेक्षा मागोमाग आली. वाकून तिनं पाकळीवरची तांबूस रेघ पाहिली.

"म्हंजे तुला ठावं हुतं," ती म्हणाली. "सकाळधरनं."

तिनं एका हातानं पिशवीतली खुरपी काढली.

"मी उपटते," मी म्हणाले.

"चातुर्मास हाय, भागे."

"माहितीये."

"उगं माज्यासाठी नियम मोडू नगंस."

"तुझ्यासाठी नाही."

खुरपी घेतली नाही. बोटं चिखलात घातली. रोप जरा अडलं, मग कंदासकट निघालं. हरभऱ्याएवढा, पांढराशुभ्र कंद. कंद वर्ज्य म्हणून जन्मात कधी बटाटाही न खाल्लेल्या माझ्या तळव्यावर तो ओला पडून होता.

अपेक्षानं ते वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं. चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख लिहिली. "नाव? म्हायेरचं का सासरचं?"

"दोन्ही लिही."

जागा अपुरी होती. तिनं अक्षर बारीक करून बसवलं.

कराडला पोचलो तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं होतं. सासूबाईंनी ताटं वाढून ठेवली होती. "दिवस हाय तवर जेवून घे," त्या म्हणाल्या. मी आज नको म्हटलं. उपास कसला, असं त्यांनी विचारलं. असाच, म्हणाले. त्यांनी माझ्या नखांतल्या चिखलाकडं पाहिलं आणि ताटावर झाकण ठेवलं.

तेवढ्यात अपेक्षाचा फोटो आला. रोप कागदावर एका अंगावर झोपलेलं, खाली माझं नाव. मी ते मोठं करून अक्षर न् अक्षर वाचलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, 'सोबत: अपेक्षा'. तेवढंही मला सलत होतं.

सासूबाईंनी उंबऱ्यातून एकदा बाहेर पाहिलं, दिवस मावळला होता, आणि माझं ताट उचलून आत नेलं.