शेवळं आमची, काकडं त्यांची

माझ्या बायकोच्या हाताला चव आहे, हे मी गावभर सांगतो. तिला तेवढं सांगत नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल. तानशाच्या रानात जे काही उगवतं, त्यातलं काय खायचं आणि कसं रांधायचं, ते सकूला विचारावं. आमच्या पोरानं, हरेशनं ओहोळातून खेकडे आणले, की त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून असा रस्सा करते की पाहुणा ताट पुसून खातो.

ही बाई फाल्गुनात तापली. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलं काही नाही. एक दिवस कालवणात दोनदा मीठ पडलं आणि तिलाच पत्ता नाही. तेव्हा तिनं पळी सुनेच्या, पूजाच्या हातात दिली आणि ओटीवर जाऊन बसली. बसली ती बसलीच. चुलीकडं बघेना, रानात जाईना. दिवसभर घरात आवाज नाही. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

दरसाल पेरणीआधी तिचा भाऊ बारकू मुरबाडाहून आमच्याकडं जेवायला येतो. शेवळं आमच्या रानातली, काकडं त्याच्या बांधावरची. शेवळं म्हणजे वळवाच्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. मटणाला मागं सारेल अशी भाजी, पण नुसती खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकडाच्या आंबट फळांचा रस पडला की खाज मरते. म्हणून हे जेवण दोन्ही घरांचं, आणि रांधायचं बहिणीनंच.

"बारक्याला सांगा, यंदा नको येऊ," सकू म्हणाली. मी हो म्हटलं आणि फोन केलाच नाही.

बारकू पिशवीभर काकडं घेऊन हजर. सकूनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुपचूप शेवळं साफ करायला बसलो. वरची साल काढली, आतला पिवळा भाग फेकला. पूजानं चिरून, वालाची डाळ घालून भाजी चुलीवर चढवली. पोर गुणाची. तळहातावर रश्शाचा थेंब घेऊन चाखला आणि म्हणाली, "झाली, बाबा."

मी वाटी घेऊन ओटीवर गेलो.

"मला काय कलनार? माती दिली तरी खाईन," सकू म्हणाली.

"मग माती समजून खा," मी म्हटलं.

रागारागानं तिनं घास तोंडात टाकला, चावला, गिळला आणि तोंड फिरवून बसली. जरा वेळानं तिचा हात गळ्याशी गेला.

"अवो," ती हळूच म्हणाली, "खाजतंय."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"खाजतंय! जिभंला, घशाला! अवो, मला लागतंय!" डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय.

दुसऱ्या क्षणी ती चुलीपुढं. "पूजा, काकडं किती घातलीस गो?"

"अर्धी, आई. अर्धी लोणच्याला ठेवली."

"लोणचं घालतंय! पाव्हन्याचा घसा सुजंल ना! आन ती हिकडं."

रश्शाच्या थेंबात खाज कळत नाही, त्याला फोड चावावी लागते. सकूनं उरलेली काकडं ठेचली, रस ओतला, पुन्हा उकळी आणली. फोड चावायची, डोळे मिटून थांबायची, मान हलवायची, पुन्हा रस ओतायची. मध्येच सुनेला म्हणाली, "मिठाचा तू बघ, खाजंचा मी बघतंय." अशी बाई अख्ख्या तालुक्यात नसेल.

शेवटची फोड चावून ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "वाढा."

बारकू तीनदा भाजी मागून जेवला. "बाय, तुला कशी लागली गो?"

"चव नाय रे कलत," सकू म्हणाली. "पन खाजत नाय."

हात धुताना तिनं मला हाक मारली. "अवो, उद्या मोरीमागचा अळू कापा. नि परवा सुरन उकरा."

घसा खाजवणारं जेवढं म्हणून रानात आणि परसात आहे, तेवढं सगळं आता आमच्या ताटात येतं. मी मुकाट्यानं खणून आणतो.