दमटपणाची रेघ

सकाळी डोळे उघडले की लोकांना आधी चहा सुचतो. मी उशाखालचा फोन काढून आईच्या तंबूतला दमटपणा बघते. हसा खुशाल. माझा नवराही हसतो. "उघडलं का हवामान खातं?" असं पांघरुणातूनच विचारतो आणि कूस बदलतो. त्याला काय, झोप प्यारी.

तंबू म्हणजे काही फिरायला जाताना नेतात तसला नव्हे. एखाद्या कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून चकचकीत, पुढे लांबलचक चेन. आईचं घर तळमजल्यावर, ऊन सगळं समोरच्या इमारतीनं खाल्लेलं, आणि हिला हौस नेचे आणि बिगोनिया वाढवायची. खिडकीतली झाडं एकेक करून माना टाकायला लागली, तेव्हा मीच हा तंबू आणून तिच्या मागच्या खोलीत उभा केला. वर दिवे बसवले, ते आपोआप लागतात आणि विझतात. मधोमध एक काडेपेटीएवढं यंत्र टांगलं. ते आतलं तापमान आणि आर्द्रता मोजतं आणि माझ्या फोनवर पाठवतं, दिवसभराची रेघच काढून दाखवतं. नेच्यांना हवा दमट लागते, सत्तरच्या आसपास. कोरडी झाली की पानांच्या कडा करपतात, जास्तच दमट झाली की बुरशी धरते. "झाडांवर लक्ष राहावं म्हणून गं," असं मी आईला सांगितलं होतं. आणि सुरुवातीला ते खरंच झाडांसाठीच होतं.

माझी खरी काळजी वेगळीच. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. आमच्याकडे ये म्हटलं की, "तुझ्या घरात सगळं इतकं जागच्या जागी असतं, मला श्वास घ्यायची चोरी होते," म्हणते. तिच्या आणि माझ्या गावामध्ये बसचा अर्ध्या दिवसाचा प्रवास. म्हणून मी रोज सकाळी फोन करायचे. उठलीस का, गोळी घेतलीस का, चक्कर नाही ना आली, ओल्या फरशीवर चालू नकोस, स्टुलावर चढू नकोस. एक दिवस भडकली.

"मी काय तुरुंगात आहे का रोज हजेरी द्यायला? उद्यापासून सकाळी फोन केलास तर उचलणार नाही. रविवारी कर, निवांत बोलू."

आणि नाहीच उचलला. दुसऱ्या दिवशी वाजू दिला, तिसऱ्या दिवशीही वाजू दिला. मीही तिचीच मुलगी. नाही तर नाही! गेलीस उडत, म्हटलं, आणि सकाळचे फोन बंद केले.

म्हटलं खरं, पण जीव थाऱ्यावर राहतो का? मी एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवताना हात हलून चालत नाही. त्या आठवड्यात मी एका गृहस्थांचे पुढचे दात असे काही बसवले की डॉक्टरांनी ते डबीसकट परत पाठवले आणि वर चिठ्ठी, पेशंट माणूस आहे, ससा नाही. साहेब हसले, मला रडू आलं. डोक्यात सारखं एकच, ही पडली असेल आणि मला कळणारसुद्धा नाही.

अशातच एका सकाळी ती रेघ बघता बघता माझ्या लक्षात आलं. रात्रभर सत्तरच्या वर सपाट चाललेली रेघ सकाळी एकदम खाली यायची, पंचावन्नपर्यंत, आणि मग हळूहळू पुन्हा चढायची. खड्डाच म्हणा ना. विचार केला तेव्हा उलगडलं. आईनं चेन उघडली! दमट हवा बाहेर गेली, खोलीतली कोरडी आत आली. मग तिनं पाणी शिंपडलं, पिवळी पानं खुडली, चेन लावली आणि रेघ परत वर. म्हणजे आई उठली, मागच्या खोलीपर्यंत चालली, खाली वाकली, हातपाय धड आहेत. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! तिला न विचारता, न चिडवता, रोज सकाळी मला माझी आई दिसायला लागली. लॅबमधले दातही सरळ बसायला लागले.

आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्या यंत्राला टोपी घातली असती.

पहिल्या पहिल्यांदा तो खड्डा वेडावाकडा असायचा. कधी उजाडायच्या आत, कधी चांगलं ऊन वर आल्यावर, कधी दोनदोनदा. आईचं सगळंच तसं, मनाला येईल तेव्हा. खड्डा पडायला उशीर झाला की ब्रश तोंडात धरून मी फोनकडे टक लावून बसायचे. मग थंडी सुरू झाली तसा तो सुधारला. रोज त्याच वेळी, तेवढाच खोल. मला कोण आनंद! "बघ बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "म्हातारपणी का होईना, आईला शिस्त लागली. घड्याळ लावून घ्यावं हिच्यावर." तोही म्हणाला, "तुझ्यावर गेली." मूर्ख आम्ही दोघं.

परवा आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आणलं. काल ऑपरेशन झालं, त्या धावपळीत सकाळची रेघ बघायची राहिली. डोळा छान झाला. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि मनाला त्रास करून घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आज सकाळी ती एका डोळ्यावर पट्टी लावून माझ्या स्वयंपाकघरात बसली होती आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्या चहाकडे संशयानं बघत होती.

"साखर घातलीस की नुसती दाखवलीस?"

"घातली गं," म्हणत मी सवयीनं फोन उघडला.

तंबूत खड्डा पडला होता. रोजच्या वेळी, रोजच्याएवढा. आणि माझी आई माझ्यासमोर कपात बिस्कीट बुडवत होती.

कुणीतरी आईच्या घरात होतं.

माझं डोकंच चालेना. आईला कळू द्यायचं नाही एवढंच सुचलं. "आलेच हं," म्हणून न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि आईच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडमना फोन लावला. त्या निवृत्त शिक्षिका. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. आई इथे आहे तोवर संध्याकाळी एकदा झाडं बघून जायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"मॅडम, तुम्ही आत्ता आईच्या घरात आहात का?"

"मी? अगं, मी अजून अंथरुणात आहे. का? काय झालं?"

"आत कुणीतरी आहे. आत्ता तंबू उघडला कुणीतरी."

"अगं बाई!" पलीकडे पलंग करकरला. "तुला तिकडे कसं कळलं?"

"ते नंतर सांगते. तुम्ही एकट्या जाऊ नका. वॉचमनला घ्या बरोबर. आणि फोन चालू ठेवा."

तेवढ्यात नवऱ्यानं दार ठोठावलं. दार किलकिलं करून मी त्याला दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यानं डोळे चोळले. "चोर पहाटे येऊन नेच्यांना पाणी घालून जातो?"

"चेष्टा सुचतेय तुला? कपाटात तिच्या पाटल्या आहेत! आणि पुढच्या आठवड्यात ती परत जायची आहे त्याच घरात, एकटी! कुणाकडे किल्ली असली म्हणजे? कुणी रोज येत असलं म्हणजे?"

बोलता बोलता माझं मलाच ते पटत गेलं. आई झोपलेली आणि मागच्या खोलीत कुणीतरी. डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं ते सांगत नाही. फोनमधून मॅडमची धाप ऐकू येत होती. मग जिना, मग वॉचमनचं "तुम्ही मागं व्हा बाई", मग कुलपाचा आवाज. मग काहीच नाही. मी कान इतका दाबून धरला होता की दुखायला लागला.

"स्वयंपाकघरात कुणी नाही," मॅडम कुजबुजल्या. "पुढच्या खोलीत कुणी नाही. कपाट बंद आहे, कुलूप आहे. मागच्या खोलीत जातोय हं... इथेही कुणी नाही. तंबूची चेन लावलेलीच आहे गं. पण..."

"पण काय?"

"आत काहीतरी घुरघुरतंय."

"तंबूत घुरघुरतंय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पंखा आहे तो," माझ्या पाठीमागून आई म्हणाली.

दचकून माझ्या हातातून फोन पडणारच होता. ती दारात उभी, हातात कप, मोकळा डोळा माझ्यावर.

"कसला पंखा?"

"फ्यूजनं बसवून दिला." फ्यूज म्हणजे माझा मावसभाऊ. वायरमन आहे, आणि डोकं चटकन उडतं म्हणून लहानपणापासून फ्यूज. "थंडीच्या सुरुवातीला तंबूच्या आतून नुसतं पाणी ओघळायचं, पानांवर पांढरं यायला लागलं. रोज सकाळी वाकून चेन उघडून बसायला गुडघे ऐकेनात. म्हटलं, बाबा, काहीतरी कर. त्यानं पंखा लावला आणि त्याला घड्याळ जोडलं. सकाळी आपोआप लागतो, हवा बाहेर फेकतो, आपोआप बंद होतो. मी दुपारी सावकाश स्टुलावर बसून पाणी घालते."

"रोज लागतो?"

"रोज. मी असले काय, नसले काय."

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. थंडीच्या सुरुवातीपासून! एवढे दिवस सकाळी सकाळी मी एका पंख्याला बघून खूश होत होते, दुपारच्या रेघेकडे बघतही नव्हते. आईला शिस्त लागली म्हणे! मी अर्धी हसत होते, अर्धी धास्तावले होते. चोर नव्हता, हे खरं तर किती बरं झालं. पण मग त्या सगळ्या सकाळी आई कशी होती?

फोन अजून चालूच होता. "सुटलो बाई," मॅडम म्हणत होत्या. "सकाळी सकाळी तुझा फोन बघून माझं धाबंच दणाणलं. मला वाटलं, परत त्या दिवसासारखं झालं की काय."

"कोणत्या दिवसासारखं?"

पलीकडे कुलूप लावल्याचा आवाज आला.

"मॅडम, कोणत्या दिवसासारखं?"

"आईला विचार," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय." आणि फोन ठेवला.

आई कप घेऊन निघाली होती. मी तिचा हात धरला. "पडलीस?"

"हळू बोल. डॉक्टर काय म्हणाले, मनाला त्रास..."

"आई!"

"न्हाणीघरात. गेल्या महिन्यात. साबणाचं पाणी होतं." ती भिंतीला टेकली. "हाड वगैरे काही नाही मोडलं. नुसतं उठता येईना. कचरा न्यायला येते ना ती, तिनं बेल वाजवली, मी ओरडले, तिनं मॅडमना बोलावलं. झालं."

"ती तर दहानंतर येते! तोपर्यंत तू तिथे खालीच?"

"थंडी वाजली जरा."

मला ओरडायचं होतं. एवढं झालं आणि सांगितलं नाहीस? मी कोण आहे तुझी? पण गेल्या महिन्यातली प्रत्येक सकाळ मी बघितली होती. एकाही दिवशी रेघ चुकली नव्हती. ती फरशीवर पडलेली असताना मी फोन बघून, "उठली आमची राणी," म्हणाले असणार आणि डबा भरून कामाला गेले असणार.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय? तू नोकरी सोडून येऊन बसली असतीस." मग कपात बघत म्हणाली, "त्या दिवशी मला सारखं वाटत होतं, आता वाजेल."

"काय?"

"फोन. बाहेरच्या खोलीत होता. मला काही उचलता आला नसता. पण मी उचलला नसता तर तू घाबरली असतीस, मॅडमना फोन केला असतास. आधी यायचा ना तुझा, रोज त्याच वेळी. मी पडल्या पडल्या ऐकत होते. नाही वाजला. मग म्हटलं, बरं झालं. सुटली पोरगी माझ्या काळजीतून."

"मी सुटले नव्हते गं! मी रोज बघत होते तुला. ही रेघ बघ. हा खड्डा पडला की मला वाटायचं, तू उठलीस, तू चेन उघडलीस..."

मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं मोकळा डोळा बारीक करून त्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यापेक्षा फोन का नाही केलास?"

"तूच म्हणालीस ना, करू नकोस म्हणून!"

"म्हणाले," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एरवी माझं एक तरी ऐकतेस का? नेमकं हेच कशाला ऐकलंस?"

नवरा बाहेरच्या खोलीत जाऊन उगाच वर्तमानपत्र चाळायला लागला. मी तिच्या हातातला गार झालेला कप घेतला. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.