अडकलीय म्हणजे धरलीय

लिफ्टच्या दुरुस्तीत मी तीस वर्षं काढली, आणि तेवढी वर्षं माझा देवापेक्षा लोखंडी दोरावर जास्त भरवसा होता, हे आधीच सांगून टाकतो. दोर निदान हात लावून तपासता येतो. बायकोचं उलट. ती रोज सकाळी डोळे मिटून देवाशी अशा गप्पा मारायची, जणू तो समोरच्या खुर्चीवर चहा पीत बसलाय. मी चिडवायचो, "काय म्हणतोय?" ती म्हणायची, "तुमची चौकशी करत होता."

मग तिच्या हृदयाची झडप खराब निघाली आणि माझी चेष्टा बंद झाली. चेष्टेच्या जागी राग आला. जिने जन्मात कुणाचं वाकडं केलं नाही, नेमकी तीच सापडली का देवाला? मी तसं तोंडावर बोललोही. ती म्हणाली, "रागावलात ना? मग त्यालाच सांगा. मला कशाला ऐकवता?"

ऑपरेशनच्या सकाळी तिने एकच गोष्ट मागितली. "मला आत न्यायच्या आधी माझ्यासाठी एकदा प्रार्थना करा. मोठ्याने. मनातल्या मनात नको, मनात तुम्ही अंगचोरी कराल."

"बघू," म्हणालो आणि पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने खाली सटकलो. भरलेली बाटली तिच्या उशाशीच होती. पळालो, दुसरं काय! जो आहे की नाही हेच मला ठाऊक नाही, त्याच्याकडे तिचा जीव मागायचा कसा? आणि मागूनही त्याने ऐकलं नाही तर?

थोड्या वेळाने माझीच मला लाज वाटली आणि परत जायला लिफ्टमध्ये शिरलो. आत झाडूपोछा घेतलेल्या मावशी होत्या आणि हातात थर्मास धरलेले एक गृहस्थ. तिसऱ्या मजल्याच्या वर गेल्यावर लिफ्ट अचानक हातभर खाली घसरली, खाडकन आवाज झाला आणि ती गच्च थांबली.

"मेलो!" थर्मासवाले ओरडले.

मेलो डोंबल. मला आवाजावरूनच कळलं. लिफ्टच्या तळाशी लोखंडी जबडे असतात. ती भलत्या वेगाने खाली निघाली की ते दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात. मग सगळे दोर तुटले तरी ती पडत नाही.

आमच्या कामात एक रिवाज आहे. अडकलेल्या लिफ्टपाशी पोहोचलं की हत्याराला हात लावायच्या आधी आवाज द्यायचा. आतली माणसं कुठलीही असोत, एकच विचारतात, "कोणी आहे का?" आपण ओरडायचं, "आहे! मी आहे. घाबरू नका. अडकलीय म्हणजे धरलीय." यातलं शेवटचं वाक्य माझं. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी ते घोकून घ्यायला लावलं. आणि किती वेळ लागेल, ते कधीच सांगायचं नाही.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या या शहाण्याने काय करावं? अलार्म दाबला, दोन मिनिटं कशीबशी काढली आणि घराची किल्ली काढून दाराच्या फटीत खुपसली. लिफ्ट अधांतरी असताना दार उचकटणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. माणसं अशीच खाली पडतात.

"अहो, काय करताय?" मावशी खेकसल्या. "पाटी वाचता येत नाही का?"

"मी लिफ्टवालाच आहे!"

"मग तर लाजच वाटायला हवी."

किल्ली वाकली. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, कुठे आहात? मला न्यायला आलेत."

"लिफ्टमध्ये अडकलोय."

मग ती हसायला लागली. खराब झडपेचं माणूस एवढं हसतं, हे मला माहीत नव्हतं. "तुम्ही? लिफ्टमध्ये?"

"हसू नकोस. आलोच मी."

"कसले येताय! सिस्टर दोन मिनिटं थांबतो म्हणाल्यात. तिथूनच करा."

"अगं, इथे माणसं आहेत!"

"मग त्यांचंही भलं होईल."

मावशींनी शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं. थर्मासवाल्यांनी डोळे मिटून घेतले. मी तोंड उघडलं, पण शब्द सुचेनात. ही गेली तर मी घरी भांडू कुणाशी? शेवटी सगळे अडकलेले म्हणतात तेच माझ्या तोंडून निघालं.

"कोणी आहे का?" माझा आवाज फाटला. "मला काही दिसत नाही. मला फार भीती वाटतेय. ती एकटीच आत चाललीय. असशील तर धर तिला. माझा हात पोचत नाही."

आणि वरून, पार वरून, एक जाडाभरडा आवाज आला.

"आहे! मी आहे. घाबरू नका. अडकलीय म्हणजे धरलीय!"

मावशींनी दचकून छताकडे पाहिलं. दुरुस्तीवाला आलाय, हे मला कळत होतं. अलार्म वाजला की माणूस येतोच, त्यात चमत्कार कसला? आवाजही ओळखीचा नव्हता. माझं वाक्य कुणाकुणाच्या तोंडून फिरत त्याच्यापर्यंत गेलं असणार. पण तीस वर्षं ते मी बाहेरून सांगत आलो होतो. आत अडकलेल्याला ते कसं ऐकू येतं, ते त्या दिवशी कळलं. मी तिथेच फतकल मारून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

"ऐकलं मी," बायको म्हणाली. "येते हं."

थर्मासवाल्यांनी वर तोंड करून विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

उत्तर आलं नाही. "नाही सांगणार," मी म्हणालो. "पण तो कामाला लागलाय." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून आधी मला दिला.

चाळीस मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. पुढे पाच तास मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलो आणि एकालाही किती वेळ लागेल असं विचारलं नाही. शंका गेल्या नव्हत्या, त्याही माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पण पळून जावंसं वाटलं नाही. जमेल तसं त्याच्याशी बोलत राहिलो, मधूनमधून भांडलोसुद्धा. मग डॉक्टर बाहेर आल्या आणि मान डोलावून हसल्या.

याला आता दीड वर्ष झालं. झडप नवी आहे, जीभ जुनीच. सकाळी आता मीही बसतो. माझी प्रार्थना एवढीशी, "कोणी आहे का?" मग गप्प बसायचं. कधी आत काहीतरी शांत होतं, कधी नुसताच गुडघा दुखतो. परवा असाच बसलो होतो. बराच वेळ झाला तरी काहीच जाणवेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आहे!"

"तुला नाही विचारलं!" मी ओरडलो.

"माहितीय हो. तो कामात आहे. आवाज द्यायला मला सांगितलंय."