दुसरा ब्रेक

"धंदा काय आहे, ते एका वाक्यात सांग," वन्सं म्हणाल्या.

"मालकाचं दुकान बंद पाडायचं," बाई म्हणाल्या.

वन्संनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. "हे वाक्य बँकेत बोललीस, तर समोरचा साहेब खुर्चीवरून उठून तुला दार दाखवेल. दुसरं सांग."

"दुसरं नाहीये माझ्याकडे."

"मग आज काही लिहायचं नाही. चहा टाक."

वन्सं म्हणजे बाईंची धाकटी नणंद. सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली. कोणी बेकरी काढायला निघालेला, कोणी छापखाना, कोणी कुत्र्यांचं वसतिगृह. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि बहुतेकांना गोड बोलून परत पाठवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी खोड गेली नव्हती. धंदा आधी डोक्यात उभा राहिला पाहिजे, मग कागदावर, असं त्यांचं म्हणणं. कागद काय, बिचारा काहीही लिहून घेतो.

बाईंच्या डोक्यात मात्र धंदा उभा नव्हता. तिथे मालक उभा होता.

सतरा वर्षं बाईंनी मालकाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. त्या भागातल्या रस्त्यांवरून आज ज्या बायका ऐटीत गाडी चालवत जातात, त्यांतल्या निम्म्यांनी पहिल्यांदा क्लच सोडला तो बाईंच्या शेजारी बसून. "क्लच माहेरासारखा सोडायचा, हळूहळू," असं त्या सांगायच्या. नव्या लग्न झालेल्या मुली हसायच्या, आणि गाडी बंद न पडता निघायची. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. शिकणाऱ्याच्या हातून चूक झाली की तो दाबायचा. बाईंचा सगळा जन्म त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून गेला म्हटलं तरी चालेल.

आणि त्याच ब्रेकने घात केला. त्याची तार सैल झाली होती. बाईंनी मालकाला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. "बघू," मालक म्हणाला. त्याचं बघणं चालू असतानाच एक दिवस एक नर्स शिकताना गडबडली. ब्रेकऐवजी भलत्याच पेडलवर पाय पडला आणि गाडी औषधाच्या दुकानाच्या दिशेने सुटली. बाईंनी जीव खाऊन ब्रेक दाबला. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. गाडी पायऱ्या चढून काचेच्या कपाटात घुसली. नर्सचं मनगट मोडलं. बाकी फुटलं ते औषधवाल्याचं सामान.

गर्दी जमली. मालक धावत आला, गाडीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बाई, झोपलात काय?"

झालं. एवढे तीन शब्द पुरले. दुसऱ्या दिवशी बाईंना कामावरून काढलं, पण ते दुःख लहान होतं. मोठं दुःख हे, की भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे म्हणायला लागले, बाई झोपल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्या तर प्लास्टरमधल्या हाताने नर्सनेच त्यांना खुर्ची दाखवली आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खूप दमला होतात का त्या दिवशी?" बाई खुर्चीवर न बसता परत आल्या.

तेव्हापासून पाय ऐकेना. बसमध्ये, डॉक्टरकडे बाकावर, घरी टीव्हीसमोर, कुठेही बसल्या की उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. नवरा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "कुठवर आली गाडी?" बाई तेव्हा मनातल्या मनात मालकाला कढईत तळत असायच्या.

"जागासुद्धा बघून ठेवलीय," चहा ठेवता ठेवता बाई म्हणाल्या. "त्याच्या बरोबर समोर. रिकामाच गाळा आहे."

"खुर्ची कुठे ठेवणार?"

"काचेपाशी. त्याच्याकडे कोण येतंय, कोण जातंय, सगळं दिसलं पाहिजे."

"म्हणजे म्हातारी होईपर्यंत दिवसभर त्याचं थोबाड बघत बसणार. त्याच्यासाठी भाडं भरून." वन्संनी एक घोट घेतला. "बरं, समज, तुझ्या मनासारखं झालं. गिऱ्हाईक सगळं तुझ्याकडे. त्याचं शटर कायमचं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझं शटर कशासाठी उघडशील?"

बाई चिडल्या. "तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, वन्सं?"

"दादाच्या पैशांच्या," वन्सं म्हणाल्या. "निवृत्तीचे पैसे आहेत त्याचे. गेले तर परत यायचे नाहीत."

वर्तमानपत्राआडून नवरा म्हणाला, "मी काही बोललेलो नाही." तेही खरंच होतं. तो कधीच बोलायचा नाही, आणि म्हणूनच बाईंना त्याच्या पैशांना हात लावताना जड जात होतं.

वन्संनी जाताना गृहपाठ दिला. जुनी गाडी घेऊन तिला दुसरा ब्रेक बसवून घ्यायला काय पडतं, आधी विचारून ये. चिडायचं ते नंतर चीड.

असलं काम करणारा मिस्त्री एकच होता. पुलापलीकडे त्याचं गॅरेज. बाईंना बघताच त्याने हात पुसले आणि डबा उलटा करून बसायला दिला. खर्चाचं सांगून झाल्यावर आपणहून म्हणाला, "बाई, बरं झालं तुम्ही सुटलात तिथून. अहो, कसल्या तारेवर गाडी चालवत होता तुम्ही! मी हातात घेतली आणि मलाच घाम फुटला."

"कुठली तार?"

"तुमच्या गाडीची. दुसऱ्या ब्रेकची. बदलली ना मी."

"कधी?"

"अपघात झाला त्याच दिवशी, संध्याकाळी. बॉनेटवर काचा तशाच होत्या. मी म्हटलं आधी पत्रा सरळ करू, तर मालक म्हणाले, नाही, आधी तार बदल. कुणाला बोलू नको म्हणाले." मिस्त्रीने आवाज खाली आणला. "पण तुम्ही काय, घरच्याच."

भंगारात हात घालून त्याने ती तार काढून दाखवली. एका जागी सगळे धागे उसवले होते. तुटायला दोनच उरले होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. गर्दीत ओरडला तेव्हाही ठाऊक होतं. सकाळी लोकांसमोर झोपलात म्हणाला आणि अंधार पडायच्या आत तार बदलून मोकळा झाला. बाईंनी तार कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि थेट मालकाच्या दुकानाकडे निघाल्या. त्याच्या तोंडावर मारणार होत्या. शिकायला आलेल्या चार लोकांसमोर, टेबलावरच्या त्याच्या त्या प्लास्टिकच्या सिग्नलसकट सगळं खाली पाडणार होत्या.

काचेतून तो दिसला. फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत होता. शर्ट नवा होता. बाईंनी दाराची मूठ धरली. आणि मग त्यांना त्याचं पुढचं वाक्य मनातल्या मनात स्पष्ट ऐकू आलं. "कुठल्या भंगारातून उचलून आणलीत, बाई?" तो असंच म्हणणार, आणि लोक हसणार. तो फार पटकन बोलतो. बाईंना बोलायला नेहमी उशीर होतो. त्यांनी मूठ सोडली.

घरी आल्या आणि वन्संना फोन करून बोलावून घेतलं. टेबलावर तार ठेवली. सगळं ऐकून झाल्यावर वन्सं पहिल्यांदाच त्या माणसाला शिवी देऊन बोलल्या. नवऱ्यानेही वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तोंडावर मारायलाच हवी होती," बाई म्हणाल्या.

"मारली असतीस तर काय झालं असतं? दोन मिनिटं तमाशा. दोन मिनिटं पुरली असती तुला?"

बाईंनी खरंच विचार केला. "नाही. मला रोज हवंय."

"हां. आता धंद्याचं बोललीस." वन्संनी खुर्ची पुढे ओढली. "रोज हवंय, तर रोज चालेल असं काहीतरी पाहिजे. सांग, तुझ्याकडे कोण येईल? मालकाचं गिऱ्हाईक सोड. तुझं कोण?"

बाईंनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे आली ती नर्स. हात बरा झाला होता, पण स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नव्हता. रात्रपाळी संपली की बसची वाट बघत उभी असायची. मग आणखी एकेक आठवल्या. लायसन्सच्या परीक्षेत नापास होऊन घरी बसलेली शिंपीण. नवरा शिकवताना भर चौकात खेकसला म्हणून गाडी सोडलेली लायब्ररीवाली.

"घाबरलेल्या," त्या म्हणाल्या. "एकदा शिकायला जाऊन परत आलेल्या."

"कशाला घाबरतात? गाडीला?"

"गाडीला नाही हो. आपण चुकलो तर शेजारचा माणूस थांबवेल की नाही, याला."

"मग तू विकणार काय?"

टेबलाखाली बाईंचा पाय जमिनीवर दाबलेलाच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"ब्रेक," त्या म्हणाल्या.

वन्संनी पेनाचं टोपण काढलं.

त्यानंतर लिहायला वेळ लागला नाही. समोरचा गाळा आपोआप बाद झाला, कारण त्या बाजूला घाबरलेलं कोणी फिरकतच नव्हतं. हॉस्पिटलची, शाळेची, बसची माणसं जायची ती औषधाच्या दुकानावरून. त्याच्या शेजारचा गाळा महाग होता, पण वन्संनी हिशेब लावून पाहिला आणि म्हणाल्या, घे. मालक रोज सकाळी त्याच रस्त्याने चालत कामाला जातो आणि रक्तदाबाच्या गोळ्याही तिथूनच घेतो, हे बाईंना माहीत होतं. ते त्यांनी कागदात लिहू दिलं नाही. तेवढा नफा खाजगी होता.

नाव ठेवलं 'दुसरा ब्रेक'. पाटी एवढी मोठी, की चष्मा विसरलेल्यालाही वाचता यावी. जुनी तार काचेच्या चौकटीत घालून दारातच टांगली.

"हा धंदा आहे की म्युझियम?" वन्सं म्हणाल्या.

"राहू द्या. लोक विचारतील."

आणि लोकांनी विचारलं. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ही काय भानगड? बाई प्रत्येकाला सांगायच्या. आवाज न चढवता, शिव्या न देता, कुठल्या गाडीची, कुणाच्या, आणि कधी बदलली. मिस्त्रीचं नाव तेवढं त्यांनी कधी घेतलं नाही. सांगताना त्यांना जे सुख व्हायचं, ते त्या लपवतही नव्हत्या. औषधवाल्याने पूर्ण गोष्ट ऐकली आणि तो म्हणाला, "आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो." बाई म्हणाल्या, "आता हे सांगत सुटा."

शिकवायची पद्धतही बदलली. पहिल्या दिवशी बाई स्वतः गाडी चालवायच्या आणि शिकणारीला शेजारी बसवायच्या. "दाबा. जोरात दाबा. माझी गाडी थांबवा." बायका आधी बिचकत दाबायच्या, मग चवीने. तो धडा झाल्याशिवाय स्टिअरिंग नाही.

मालकाचं दुकान काही बंद पडलं नाही. असं कुठे लगेच होतं? पण पाटी लागल्यापासून तो औषधाच्या दुकानाच्या अलीकडेच रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचा आणि पुढे जाऊन पुन्हा अलीकडे यायचा. गोळ्या दुसरीकडून आणायला लागला. बाई रोज सकाळी दारात उभं राहून त्याचं ते ओलांडणं बघायच्या, आणि मग आत येऊन चहा प्यायच्या. चहा गोड लागायचा.

एक दिवस नर्स आली. चौकटीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"मॅडम, मलाही वाटलं होतं की तुम्ही..."

"वाटू द्या. हात कसा आहे?"

"बरा आहे."

"मग बसा गाडीत."

पहिला धडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सच्या हातात स्टिअरिंग होतं. दोघी औषधाच्या दुकानापाशी आल्या. नर्सचा चेहरा पांढरा पडला होता, पण गाडी सरळ होती. बाईंनी समोर पाहिलं. पाटीपासून मान फिरवून, खाली बघत, मालक नेहमीप्रमाणे रस्त्यात उतरत होता. गाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

या क्षणाचं बाईंनी पुढे कितीदा तरी चिंतन केलं. एवढा राग साठवलेला, एवढे महिने घोळवलेला. निदान पाव सेकंद तरी त्या रागाला विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटायचं. पण पायाने कोणाला विचारलंच नाही. तो खाली गेला, आणि ब्रेक लागला.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. मालकाचे दोन्ही हात बॉनेटवर टेकले होते. औषधवाला पायरीवर आला. बसच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. मालकाचं तोंड उघडलं आणि सवयीने, फार पटकन, त्यातून बाहेर पडलं, "झोपलात काय?"

बोलला, आणि आपलं बोलणं त्याचं त्यालाच ऐकू आलं. काचेतून त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. औषधवाला फक्त म्हणाला, "नाही हो मालक. जाग्या आहेत."

मालकाने बॉनेटवरून हात उचलले, शर्टाला पुसले आणि रस्ता ओलांडून गेला.

"मॅडम, मी ब्रेक दाबलाच नव्हता," नर्स म्हणाली.

"मी दाबला. गाडी सुरू करा. पहिला गिअर. क्लच, माहेरासारखा."

नर्सने गाडी सुरू केली, क्लच हळूहळू सोडला. इंजिन घुमलं, गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा बंद पडली. मागचा एक जण हॉर्न वाजवायला लागला. नर्सने गोंधळून शेजारी पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "पाय काढा."