टेकडीपलीकडच्या डिश

"आली! आली!" छपरावरून कासिमिरोचा पुतण्या ओरडला आणि अंगणातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. टीव्हीवर फुटबॉलचं हिरवं मैदान उमटलं होतं.

सकाळी गावातल्या सगळ्या पडद्यांवरची चित्रं एकदमच गेली होती. मातेचा निरोप आपल्यालाच कळतो म्हणणाऱ्या कासिमिरोने हे आधीच सांगितलं होतं: मेरीमाता जुनं चर्च सोडून लाल टेकडीवर जाणार, त्या दिवशी डिश आंधळ्या होणार. टेकडी त्याच्याच मालकीची होती. आज घरोघरी तो खाली धूप फिरवत होता, पुतण्या छपरावर डिश फिरवत होता.

"बघा रे! पत्र्याला कळतं, तुम्हाला कळत नाही! कालपर्यंत डिश चर्चकडे बघत होत्या, आज टेकडीकडे. आणि तुमचे मेलेले? ते पडलेत जुन्या दफनभूमीत, मातेच्या पाठीमागे, अंधारात!"

मग कासिमिरो हिलारियाकडे वळला. तिचा मुलगा एल्मेर पावसाळ्यात नदीत बुडून गेला होता. तेव्हापासून तिला चव कळत नव्हती, थंडी वाजत नव्हती.

"पोराला शनिवारी उकरून टेकडीवर नेऊ. पहिली जागा तुझी. मेंढ्या तेवढ्या माझ्याकडे सोड."

"बरं," ती म्हणाली.

हाडं हलवायची तर नातलगांना चघळायला कोकाची पानं देऊन समक्ष सांगावं लागतं. म्हणून पानांची पुरचुंडी घेऊन ती टेकडी ओलांडून बहिणीच्या गावी निघाली. उतारावर ती थांबली. खालच्या प्रत्येक छपरावरच्या डिशची पाठ टेकडीकडे होती.

"ये ताई, उकडलेला मका खा," नीवेस म्हणाली.

"तुमच्या डिश मातेकडे पाठ करून का गं?"

नीवेसचा नवरा रुफिनो हसला. "कुठली माता, ताई? कंपनीने चॅनल दुसऱ्या उपग्रहावर नेले. पडद्याखाली महिनाभर पट्टी पळत होती."

पट्टी हिलारियाच्या गावानेही पाहिली होती. पण सामना चालू असताना ती वाचतो कोण?

"नवा उपग्रह मावळतीच्या आभाळात आहे. इतका लांब, की तुमच्या गावातून काय नि आमच्या गावातून काय, दिशा एकच. मधली टेकडी तुमच्या पुढे येते, आमच्या मागे. तुमच्याकडे कोणी फिरवल्या?"

"कासिमिरोच्या पुतण्याने."

"तो कंपनीचाच माणूस! इकडेही त्यानेच फिरवल्या."

"मंत्र म्हटले?"

"छे. बिअर मागितली."

हिलारिया हसली नाही. पुरचुंडी न सोडताच ती उठली.

शनिवारी फावड्यांचा पहिला घाव पडला तेव्हा ती पोराच्या मातीवर जाऊन उभी राहिली.

"फावडी ठेवा." रुफिनोने सांगितलेलं सगळं तिने सांगितलं, आवाज न चढवता.

"दुःखाने डोकं फिरलंय बाईचं," कासिमिरो म्हणाला.

"असेल. पण डिश तुझ्या पुतण्याने फिरवल्या. पलीकडच्यांच्या डिश मातेला पाठ दाखवतात."

"ते पापी आहेत!"

"फुटबॉल मात्र त्यांनाही दिसतो," फावडं धरलेला म्हातारा व्हेन्सेस्लाओ पुटपुटला. कोणीतरी फिसकन हसलं.

"माझं ऐकू नका, त्याचंही ऐकू नका," हिलारिया म्हणाली. "तो उभं करतो तिथूनच किती दिवस बघणार? टेकडीवर चढा, पलीकडे बघा. मग मेलेल्यांना उकरायचं का ते ठरवा."

व्हेन्सेस्लाओने फावडं टाकलं आणि चढाला लागला. त्याच्यामागून बाकीचे गेले. कासिमिरोचा धूप विझत आला होता.

हिलारिया गुडघ्यांवर बसली. उकरलेलं ढेकूळ तिने जागच्या जागी बसवलं, वरून तळवा दाबला. माती गार होती. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच तिला काही गार लागत होतं.