तीन पाकळ्या

“पंपाचं जुनं चाक काढ, जोस्त. आणि फेकून दिलं म्हणून सांगू नकोस. तुम्ही बोटवाले गंजका खिळासुद्धा फेकत नाही.”

न बोलावता होडी वल्हवत आलेली इंजिनांची मिस्त्री युडीन त्याच्या बोटीवर कमरेवर हात ठेवून उभी होती. टिरेल बेच्या बंदरात नांगरलेल्या सगळ्या बोटी रोज सकाळी साडेसातला रेडिओवर बोलतात. हवामान काय, पाव कुठे मिळेल, मिस्त्री कोण चांगला. पंधरा दिवसांपूर्वी याच जोस्तने तिथे सांगून टाकलं होतं, “युडीनने हात लावला आणि माझं इंजिन तापायला लागलं.” झालं! तेव्हापासून तिला कुत्रं विचारेना. बापाकडून शिकलेलं काम, वीस वर्षांत कमावलेलं नाव, सगळं एका वाक्यात बुडालं.

“माझ्या इंजिनाला पुन्हा हात लावायचा नाही,” जोस्त म्हणाला. पण तोंड उतरलं होतं बिचाऱ्याचं. परवा वादळ येणार होतं. बाकीच्या बोटी खारफुटीच्या आडोशाला निघाल्या होत्या, आणि याचं इंजिन पाच मिनिटांत तापून बंद पडत होतं.

“बरं तर. बस इथेच, वादळाला कॉफी पाज.”

जोस्त वाकला. पलंगाखालच्या डब्यातून त्याने पाण्याच्या पंपाचं जुनं रबरी चाक काढून दिलं. युडीनने पाकळ्या मोजल्या. हव्या होत्या सहा, होत्या तीन.

“उरलेल्या कुठे गेल्या?”

“मला काय ठाऊक? पंप मीच उघडून ठेवला होता. तू फक्त नवं चाक बसवलंस.”

“तिथेच चुकलं माझं. जुनं मोजल्याशिवाय नवं बसवायचं नाही, असं बाबांनी शंभरदा बजावलंय. तुझी घाई बघितली आणि विचारलंच नाही.” बोलताना तिला लाज वाटली, पण बोलली.

तुटलेल्या पाकळ्या पाण्याबरोबर पुढे जाऊन अडकतात, म्हणून तिने इंजिनाचं पाणी जिथून फिरतं तो कूलर उघडला. पहिला तुकडा तोंडाशीच होता, दुसरा थोडा आत. तिसऱ्याने मात्र तास खाल्ला. घामाने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कुठे तो मेला बोटांना लागला. तिन्ही तुकडे तिने जोस्तच्या हातावर ठेवले.

इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला नाही. मागच्या नळीतून पाणी भसाभस पडत होतं.

“मानलं बाई तुला!” जोस्त ओरडला.

“मला मानून काय उपयोग? उद्या रेडिओवर सांग. माझी चूक सांग, तुझीही सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती घरी बेक, म्हणजे जाड पुऱ्या, तळायला मैदा मळत होती. रेडिओजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. लकवा झाल्यापासून त्यांची वाचा गेलेली. जोस्तने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याचं संपतंय तोच दोन बोटी एकदम तिला हाका मारायला लागल्या. “युडीन! युडीन, ऐकतेस का?”

बाबांनी चांगला हात उचलला आणि तीन बोटं दाखवून तिच्याकडे बघितलं.

“हो बाबा, तीन. मोजल्या.”

मग तिने सावकाश हात धुतले, पुसले आणि माइक उचलला.